अलिबागला मातकट, मालवणला हिरवं, अंदमानला निळं: समुद्राच्या पाण्याला रंग येतो कुठून?

प्रश्न एका वडिलांनी पाठवला आहे, पण तो मुळात त्यांच्या सातवीतल्या मुलीचा. दिवाळीच्या सुट्टीत ही मंडळी अंदमानला जाऊन आली. स्वराज द्वीपचं निळंशार पाणी पाहून मुलीने विचारलं, की अलिबागला पाणी मातकट, मालवणला हिरवट आणि इथे असं कसं? सगळे समुद्र तर एकमेकांना जोडलेले आहेत. आणि निळा रंग हे आकाशाचं प्रतिबिंब असेल, तर आकाश अलिबागलाही निळंच होतं की! वडिलांनी त्याला आपले दोन प्रश्न जोडलेत: अलिबागचं पाणी घाण आहे म्हणून तसं दिसतं का? आणि कोकणात निळं पाणी बघायचं तर कधी जावं?

मी गेली पंचवीसेक वर्षं समुद्राचा रंग मोजण्याचं काम करतो. बोटीच्या कठड्याला टेकून पाण्यातून वर येणारा उजेड यंत्राने मोजायचा, त्याच वेळी बाटल्यांत पाणी भरून घ्यायचं, आणि त्या घटकेला वरून गेलेल्या उपग्रहाने काय पाहिलं त्याच्याशी ताळा करून बघायचा, असं हे काम. लग्नकार्यात कुणाला सांगितलं की दोनच प्रश्न येतात. 'याचे पैसे मिळतात?' आणि 'पण ते आकाशाचं प्रतिबिंब असतं ना?' पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याला जरा वेळ लागतो.

मुलीचा आक्षेप बिनतोड आहे, आणि तो याआधी एका मोठ्या माणसाच्या मनात येऊन गेलेला आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. वय बत्तीस. भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांना चैन पडेना. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गज ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं, की खोल समुद्राचा निळा रंग हा आकाशाचाच, पाण्यात पडलेला. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा उजेड तेवढा पुढे सोडणारा स्फटिक. प्रकाश एका ठरावीक तिरप्या कोनातून परावर्तित झाला की तो ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत थरथरतात, आणि त्या कोनातून बघताना प्रिझम योग्य तेवढा फिरवला की पृष्ठभागावरचं प्रतिबिंब नाहीसं होतं. त्यांनी ते आकाश असं पुसून टाकलं. पाणी फिकट व्हायच्या ऐवजी आणखी गडद निळं दिसलं. म्हणजे निळाई आतून येत होती. यावरचं टिपण त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पाठवलं, त्यावर पत्ता आहे 'एस. एस. नारकुंडा' बोटीचा, मुंबई बंदर, आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. मला यातली गंमत नेहमी वाटते, की समुद्राच्या निळाईवरचं हे गाजलेलं पत्र ज्या बंदरातून रवाना झालं, तिथलं पाणी तेव्हाही चहासारखंच असणार.

हा प्रयोग तुम्हाला घरच्या घरी करता येतो. माशाला जाणारे हौशी लोक वापरतात तो पोलराइज्ड चष्मा घ्या, पाण्याकडे तिरपं बघा आणि काच डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी वरची चमक विझते आणि खरं पाणी दिसतं. प्रतिबिंब अगदीच खोटं आहे असं नाही. सरळ खाली वाकून बघितलं तर पृष्ठभाग जेमतेम दोन टक्के उजेड परतवतो. पण किनाऱ्यावर उभं राहून दूरवर नजर टाकली, की तिरप्या नजरेला बहुतेक आकाशच दिसत असतं. म्हणून पावसाळी ढगांखाली क्षितिजाकडचा समुद्र शिशासारखा दिसतो आणि संध्याकाळी तांबडा. तोच समुद्र विमानाच्या खिडकीतून खाली बघताना वेगळा दिसतो. माझा पहिला नियम हा, की रंगाबद्दल वाद घालण्याआधी कुठून बघितलं ते विचारावं.

आता आतल्या निळाईकडे. पेलाभर पाणी अलिबागचं असो की अंदमानचं, त्यातला गाळ खाली बसू दिला की दोन्ही बिनरंगी. पण 'बिनरंगी' हे पेल्यापुरतंच खरं. पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातले बंध सतत थरथरत असतात, आणि ती थरथर लाल उजेडाचा थोडा थोडा घास घेत राहते. लाल रंगाचा साधारण तिसरा हिस्सा पहिल्या मीटरभर पाण्यातच संपतो. दहा मीटरवर तो नावापुरता उरतो. निळा मात्र मीटरमागे शंभरात एखादा भागच गमावतो. पाणबुडे हे रोज बघतात. वीस मीटर खाली बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट काळं दिसतं, लाल नाही, कारण लाल दिसायला लाल उजेड तिथे पोहोचलेलाच नसतो.

या थरथरीचा एक सुंदर पुरावा आहे. साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेलं जड पाणी घेतलं, तर ते बंध जड होतात, हळू थरथरतात आणि त्यांचा घास डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकतो. तीन मीटर लांबीच्या नळीत साधं पाणी भरून टोकाने बघितलं तर ते निळसर दिसतं, जड पाणी तसं दिसत नाही. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. म्हणजे मुलीला ज्या पाण्याने कोड्यात टाकलं त्याच्या काठावरच निळं न होणारं पाणी तयार होतं!

पण शोषण एकटं पुरत नाही. उजेड खाली जाऊन गिळला गेला आणि परत फिरलाच नाही, तर समुद्र काळा दिसेल. त्याला वळवून वर पाठवणारं काहीतरी हवं. हे काम विकिरण करतं. पाण्याचे रेणू स्वतः थोडा उजेड इकडेतिकडे उडवतात, त्यात निळा जास्त. रामन यांचा सगळा भर या विकिरणावर होता, आणि त्याच वाटेने ते पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या 'रामन परिणामा'च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेले. आज आम्ही म्हणतो की निळेपणात मोठा वाटा शोषणाचा आहे, पण ती निळाई बाहेर आणायचं श्रेय विकिरणाला. समुद्राचा रंग म्हणजे आत गेलेल्या उजेडातून काय खर्च झालं आणि काय परत आलं याचा हिशेब. पुढचं सगळं या जमाखर्चातलंच.

भरसमुद्रात परत येणारा भाग फारच थोडा. म्हणून खोल पाणी निळ्याच्याही पलीकडे, जवळजवळ काळं वाटतं. 'काळ्या पाण्याची शिक्षा' या शब्दाचा उगम समुद्र ओलांडण्याच्या जुन्या भीतीत असला, तरी पोर्ट ब्लेअरच्या वाटेवर डेकवरून सरळ खाली बघणाऱ्याला तो शब्द चुकीचा वाटत नाही.

या जमाखर्चाची एक सलग पट्टी बघायची असेल तर जुहूहून तेलविहिरींकडे जाणारं हेलिकॉप्टर पकडावं. पर्यटकांना ते मिळत नाही, मला कामानिमित्ताने एकदा मिळालं. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, आणि तिथे खोली किती, तर फक्त ७५ मीटरच्या आसपास. इतका उथळ आणि रुंद समुद्रतळ भारताच्या बाकीच्या किनाऱ्याला क्वचितच लाभलाय. उड्डाण झालं तेव्हा खाली अगदी गाळलेला चहा. थोड्या वेळाने त्या तपकिरीत हिरव्या रेघा दिसायला लागल्या, त्यांच्या कडा कुणी कात्रीने कापल्यासारख्या स्वच्छ. मग शेवाळी हिरवा, मग काचेच्या बाटलीचा हिरवा, आणि उतरायच्या सुमारास निळसर. शेजारी बसलेले एक गृहस्थ पंधरवड्याला ये-जा करणारे. ते झोपले होते.

सुरुवात त्या चहापासून करू, कारण अलिबागचं उत्तर तिथे आहे. खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती येऊन मिळतात आणि वर्षानुवर्षं गाळ ओततात. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होताना तळ नुसता घुसळून निघतो. मुंबईकडे तो फरक उधाणाला साडेचार-पाच मीटरपर्यंत, पण इथे ठाण्याची खाडी आहे, धरमतरची खाडी आहे, खाजणं आहेत आणि सगळीकडे पायाच्या घोट्यापर्यंत रुतणारा चिखल. अलिबाग या सगळ्याच्या तोंडाशी. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात, इतका तो किनारा सपाट आणि उथळ आहे.

लोक विचारतात, गाळ बसत का नाही? कारण तो फार बारीक. दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा चिखलाचा सुटा कण स्थिर पाण्यात दिवसभरात हातभरही खाली जात नाही. खाऱ्या पाण्यात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्या लवकर बसतात हे खरं, पण त्या तळाला टेकतात न टेकतात तोच पुढची भरती येऊन उभी राहते. म्हणून हा गाळ कायमचा अर्धवट तरंगता. मांडव्याच्या लाँचमधून मागे बघा, पंख्याने उठवलेला पट्टा पाण्याहून गडद दिसतो.

तपकिरीच का? दोन कारणं. उजेड वरच्या हातभर पाण्यातच कणांवर आपटून परत फिरतो, त्यामुळे लाल गिळायला पाण्याला वाव मिळत नाही. आणि दख्खनच्या काळ्या खडकाच्या मातीत लोह भरपूर, ते निळा रंग खातं. निळा गेला, लाल-पिवळा शिल्लक राहिला. गोव्यात पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी जांभ्याच्या मातीने लाल होऊन समुद्राला मिळतात, ते याच गणिताचं आणखी तिखट रूप.

किती गढूळ हे मोजायला आम्ही अजूनही जी वस्तू वापरतो ती १८६५ सालची आहे. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून बघितल्या, कुठपर्यंत दिसतात म्हणून. आजची तबकडी साधारण ३० सेंटिमीटर व्यासाची, खाली वजन, वर खुणांचा दोर. मुंबई बंदरात ती हात-दीड हात गेली की गुडूप. गोव्यासमोर डिसेंबरात मी तिला आठ-दहा मीटरपर्यंत बघितलेलं आहे. लक्षद्वीपच्या बाहेर तीसच्या आसपास. विक्रम आहे अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राचा: १३ ऑक्टोबर १९८६ ला शास्त्रज्ञांना ती ८० मीटरपर्यंत दिसली. लाखो रुपयांची यंत्रं बंद पडतात, तेव्हा आम्ही ही तबकडी बाहेर काढतो. ती कधी बंद पडलेली नाही.

आता मालवणचं हिरवं. इथे गाळ कमी, कारण मोठ्या नद्या नाहीत, खडकाची जातही बदलते. देवगडच्या दक्षिणेला बेसाल्टबरोबर, म्हणजे दख्खनच्या त्या काळ्या खडकाबरोबर, गारेचे, क्वार्ट्झाइटचे जुने खडक दिसू लागतात, वाळू जाडसर आणि फिकी, लाटेने उडाली तरी मिनिटभरात खाली. मग हिरवा रंग कुणाचा? तो जिवंत आहे. पाण्यात वनस्पती प्लवक नावाचे एकपेशीय जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि झाडांच्या पानांत असतं तेच हरितद्रव्य त्यांच्यात असतं. हरितद्रव्य निळा खातं, थोडा लालही खातं, हिरवा सोडून देतं. पाणी लाल खाणार, प्लवक निळा खाणार, उरणार तो हिरवा.

बोटीवर आम्ही पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून पंपाने ओढतो. कोकणासमोर अर्धा लिटर गाळलं की कागदावर हिरवट तपकिरी डाग उमटतो. मध्य अरबी समुद्रात निळ्या पाण्याच्या मोसमात तीन-चार लिटर गाळून पंप तापला, तरी कागद पांढराच. नवीन मुलं मला विचारतात, सर, बाटली चुकली का? बाटली बरोबर असते. निळा समुद्र हे समुद्रातलं वाळवंट आहे. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यात, ईस्टर बेटाकडे, पाणी जांभळटाकडे झुकणारं निळं आहे, आणि तिथे घनमीटरभर पाण्यात हरितद्रव्य मिलिग्रॅमच्या दोन-तीन शतांशांएवढं. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या शंभरपट सहज. पोस्टकार्डावरचं पाणी आणि भरलेलं जाळं सहसा एका ठिकाणी सापडत नाही.

या प्लवकाला वाढायला लागणारं खत पश्चिम किनाऱ्याला मिळतं ते पावसाळ्यात. नैऋत्य मोसमी वारे आणि प्रवाह किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतात, त्याची जागा घ्यायला खालून थंड, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं, आणि प्लवक फुलतं. तारली आणि बांगडा यावर पोसले जातात. आमच्या कामातला छळ असा, की समुद्र सगळ्यात हिरवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत वर ढगांचं झाकण घट्ट असतं आणि उपग्रहाला काही दिसत नाही. नारळी पौर्णिमेनंतर ढग फाटायला लागले की आम्ही खिडकीशी बसल्यासारखे चित्रांची वाट बघतो.

उत्तर अरबी समुद्रात एक दुसरा हंगामही आहे, हिवाळ्यातला. जमिनीवरून येणारा कोरडा थंड वारा पाण्याचा वरचा थर गार करतो, तो जड होऊन बुडतो, खालचं खत वर येतं. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे जानेवारी ते मार्च नॉक्टिल्यूका नावाचा जीव गर्दी करू लागला आहे. हा एकपेशीय असूनही साबुदाण्याच्या कणीएवढा, उघड्या डोळ्यांना दिसणारा. स्वतःच्या पोटात तो हजारो हिरव्या शैवालपेशी जिवंत पाळतो, त्यामुळे पाणी वाटल्या पाल्यासारखं हिरवं, दाट होतं. कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून रात्री लाटा फुटताना निळा उजेड दिसतो, २०२० च्या नोव्हेंबरात तो बघायला लोकांनी जुहूपासून मालवणपर्यंत गर्दी केली होती, त्यामागेही नॉक्टिल्यूकाच. नांगर टाकून थांबलेल्या बोटीवरून हे बघावं; दोर हलला तरी ठिणगी पडते. मासेमारांना मात्र याचं कौतुक नाही, दाट फुलोऱ्यात मासळी टिकत नाही.

आणखी एक पाहुणा फेब्रुवारी ते मे या काळात गोवा-रत्नागिरीकडे दिसतो, ट्रायकोडेस्मियम. पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे, लांबच लांब. पहिल्यांदा बघणारा तेलगळती म्हणून फोन करतो, मी स्वतः असे फोन घेतलेत. हा जीव हवेतला नायट्रोजन बांधतो, म्हणजे खत नसलेल्या पाण्यातही तगतो, आणि मरताना पाण्याला लालसर छटा देतो. तांबड्या समुद्राचं नाव याच्यावरून पडलं असावं असं बऱ्याच जणांचं मत आहे. एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथेच तो वर्णन केला. एरवी तांबडा समुद्र जगातल्या सुरेख निळ्या समुद्रांपैकी एक आहे.

खाड्यांचा पिवळसरपणा थोडक्यात सांगतो. कांदळवनाची पानं पाण्यात कुजतात आणि चहाच्या पुडीसारखा रंग सोडतात. हा गाळ नव्हे, हा विरघळलेला आहे, गाळणकागदातून सरळ खाली जातो. तो निळा खातो, त्यामुळे थोडा असेल तर निळं पाणी हिरवं दिसतं, जास्त असेल तर तपकिरी.

अंदमानच्या किनाऱ्यालगतचं आणि लक्षद्वीपच्या आतल्या पाण्याचं ते मोरपंखी, पोपटी-निळं रूप मात्र तळामुळे. तिथली वाळू म्हणजे प्रवाळाचा पांढरा चुरा. चार-पाच मीटर नितळ पाण्यातून उजेड खाली जातो, पांढऱ्या तळावरून परततो, या फेरीत लाल संपतो पण हिरवा आणि निळा दोन्ही उरतात. पाणी दहा-पंधरा मीटर झालं की हिरवाही विरळ होतो, प्रवाळाच्या कडेपलीकडे तळच दिसेनासा होतो आणि एकदम गर्द निळं. ती कडा विमानातून रेघ मारल्यासारखी दिसते. तेच पाणी काळ्या वाळूवर ठेवा, मोरपंखी नाहीसं. रत्नागिरीकरांना हे फार आधीपासून माहीत आहे. गावातच त्यांचा 'पांढरा समुद्र' आहे आणि मांडवीला 'काळा समुद्र'. समुद्र एकच, एका बाजूची वाळू फिकी, दुसरीकडची लोह-टायटॅनियमच्या खनिजाने काळी.

कन्याकुमारीचा विषय निघतोच, म्हणून. 'तीन समुद्र, तीन रंग' असं तिथला गाइड बोटाने दाखवतो. रंग वेगळे दिसतात हे खरं, पण ते समुद्रांचे नव्हेत. खडकांमागचा आडोसा, लाटेने उडालेली वाळू, ढगाची सावली, आणि त्या दिवशीचा प्रवाह, यांचे ते पट्टे. दुसऱ्या दिवशी ते दुसरीकडे असतात. फोनवर फिरणारा 'दोन महासागर भेटतात पण मिसळत नाहीत' हा व्हिडिओही तसाच. त्यातलं बहुतेक चित्रण अलास्काच्या आखातातलं, हिमनद्यांचा गाळ घेऊन आलेलं गोडं पाणी निळ्या समुद्राला टेकतं तिथलं. ते मिसळतं, जरा वेळ घेतं एवढंच.

उपग्रहाबद्दल दोन शब्द, नाहीतर माझे सहकारी रागावतील. निळा उजेड किती आणि हिरवा किती याचं गुणोत्तर घेतलं की हरितद्रव्याचा अंदाज येतो, या एका कल्पनेवर हे शास्त्र उभं आहे. आपला ओशनसॅट-१ श्रीहरिकोट्याहून २६ मे १९९९ ला उडाला, आठ रंगपट्टे बघणारा कॅमेरा घेऊन. दुसरा २००९ ला, आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला गेलेल्या तिसऱ्याच्या कॅमेऱ्याला तेरा पट्टे आहेत. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या उजेडात नव्वद टक्के हवेचाच असतो, पाण्याचा दहा. त्या दहासाठी आधी नव्वद अचूक वजा करावे लागतात. या चित्रांवरून आणि पाण्याच्या तापमानावरून हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा मच्छीमारांना कळवते. मासे अगदी हिरव्या पाण्यात नाही, हिरवं-निळं भेटतं त्या कडेला जास्त मिळतात. मात्र किनाऱ्यालगत हे गुणोत्तर फसतं, गाळ आणि कुजकं पाणी दोन्ही हरितद्रव्याचं सोंग घेतात. मुंबईसमोरचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर मी आधी विचारतो, पाणी गाळून बघितलंत का?

तर अलिबागचं पाणी घाण आहे का? रंगावरून काहीही सांगता येत नाही. मातकटपणा जवळजवळ सगळा गाळाचा, आणि तो मुंबई शहर वसण्याआधीपासून तिथे आहे. सांडपाण्यातून येणाऱ्या जिवाणूंना मात्र रंग नसतो. नितळ हिरव्या पाण्यात ते भरपूर असू शकतात, गढूळ पाण्यात अजिबात नसू शकतात. ते कळायला कॉलिफॉर्मची, म्हणजे सांडपाण्याची खूण देणाऱ्या जिवाणूंची, तपासणीच हवी. नाला जिथे समुद्राला मिळतो तिथून लांब पोहावं, पाणी कितीही सुंदर दिसो.

कोकणात निळ्याच्या जवळ जाणारं पाणी हवं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी हलतं, गाळ बसतो. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात चांगला. वेळ सकाळी दहा ते दोन, सूर्य पाठीशी, आणि शक्य तेवढं उंचावरून, म्हणजे विजयदुर्गच्या किंवा देवगडच्या तटावरून. तारकर्लीला बोटीने जरा बाहेर गेलात की फरक कळतो. महाराष्ट्रासमोर मी बघितलेलं सगळ्यात निळं पाणी आंग्रिया बँकेचं, विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं ते बुडालेलं पठार, वर वीसेक मीटर पाणी आणि खाली प्रवाळ. सहलीची ती जागा नाही.

मुलीला एक काम सांगा. जुनी पांढरी ताटली घ्या, प्लास्टिकची असेल तर उत्तम, तिला समान अंतरावर तीन भोकं पाडून दोऱ्या ओवा, मध्ये खालून दगड बांधा, आणि वरच्या दोराला हातभर अंतरावर गाठी मारा. मांडव्याच्या जेट्टीवरून सावलीच्या बाजूला सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. मालवणच्या धक्क्यावरही तेच. दोन आकडे शेजारी लिहा. सोबत वेळ, भरती की ओहोटी, आणि तिथी नोंदवायला विसरू नका. एकाच जेट्टीवर आठवड्याच्या अंतराने आकडे जुळले नाहीत, तर बहुतेक वेळा ती तिथीच आडवी आलेली असते.